कॅलेंडर मार्चचं, चूक मंगळवारची

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास, पहिली शिफ्ट सुटायला अर्धा तास असताना, मी चाकणजवळच्या एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये उभी होते. सीएनसी लेथवर पंचवीस मिलिमीटर बोअरचा जॉब चालू होता. इन्सर्ट नुकताच बदललेला. ऑपरेटरनं पहिला पीस काढला, बोअर मोजला, तो ०.०३ मिलिमीटरनं मोठा आला. 'मोठा आला म्हणजे कमी कापायचं,' असं स्वतःशीच पुटपुटत तो वेअर ऑफसेटच्या पानावर गेला आणि त्यानं एक्समध्ये ०.०३ प्लस केलं. दुसरा पीस निघाला. नो-गो गेज, जो आत जायलाच नको, तो अलगद आत गेला. मुलाचा चेहरा उतरला. दोन्ही पीस त्यानं लाल पेटीत टाकले आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

त्याची चूक समजून घेण्यासारखी आहे. बाहेरचा व्यास कापताना कमी कापायचं असेल तर एक्स प्लस करायचा. बोअर आतून कापला जातो; तिथे कमी कापायचं तर एक्स मायनस. हा मुलगा आठ महिने नुसते शाफ्ट करत होता. नियम हातात पक्का बसला होता, पण तो बाहेरच्या व्यासाचा नियम होता, आणि त्याच आठवड्यात त्याला बोअरच्या मशीनवर लावलं होतं. शेजारच्या मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरनं हे हेरलं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक गोल काढला, टूल आत दाखवलं, आणि म्हणाला, "आता तू पाइपच्या आत बसलायस असं समज. तिथून बघ." चार मिनिटं लागली असतील. तिसरा पीस मापात आला.

त्याच मुलाच्या ट्रेनिंग रेकॉर्डवर 'क्वालिटी अवेअरनेस, दोन दिवस, सोळा तास' अशी नोंद आहे. वर्गाबद्दल त्यानं भरलेला अभिप्राय उत्तम आहे. तो वर्ग मी घेतला होता. त्या सोळा तासांत बोअरच्या ऑफसेटचा शब्दही निघाला नव्हता, आणि निघाला असता तरी तेव्हा तो मुलगा शाफ्टवर होता. त्याला त्याची गरज नव्हती.

ॲजाईल पद्धत मनुष्यबळ विभागात आणावी का, प्रशिक्षणात आणावी का, यावर आता पुण्यात, मुंबईत, बंगळुरात परिसंवाद होतात. मला त्या चर्चेकडे या चार मिनिटांतून बघावंसं वाटतं. चूक घडण्याची वेळ आणि शिकण्याची वेळ यांतलं अंतर आपण कमी करणार आहोत का, एवढाच तो प्रश्न आहे. आणि ते अंतर कमी करायचं असेल तर मनुष्यबळ विभागाला स्वतःच्या हातातलं काहीतरी सोडावं लागेल. ते सोडायची तयारी नसेल तर बाकी सगळे शब्द उधारीचे आहेत.

आपल्याकडे वर्ष कसं सुरू होतं ते बघा. मार्चमध्ये टीएनआयचे फॉर्म फिरतात. कोणाला कोणतं प्रशिक्षण हवं ते प्रत्येक विभागप्रमुखानं लिहून द्यायचं. मार्च म्हणजे डिस्पॅचचा महिना. विभागप्रमुखाला श्वास घ्यायला फुरसत नसते. तो मागच्या वर्षीचा फॉर्म काढतो, चार ठिकाणी तारीख बदलतो आणि सही करतो. एप्रिलमध्ये कॅलेंडर छापून येतं: जूनमध्ये टाइम मॅनेजमेंट, ऑगस्टमध्ये टीमवर्क, नोव्हेंबरमध्ये फाइव्ह एस. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना लागू असलेलं आयएटीएफ १६९४९ हे मानक माणसाची क्षमता तपासा आणि प्रशिक्षणाचा परिणाम झाला का ते पाहा असंच सांगतं. त्यात गैर काही नाही. पण ऑडिटर पुढ्यात बसला की कागद दाखवणं सोपं आणि माणूस दाखवणं अवघड, म्हणून हळूहळू कागदच खरा होतो.

ही चाल आपण शोधलेली नाही. आधी गरजेचं विश्लेषण, मग आराखडा, मग साहित्य तयार करणं, मग वर्ग, शेवटी मूल्यमापन, हा पाच पायऱ्यांचा साचा १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकन लष्करासाठी बांधला गेला. हजारो जवानांना ठरावीक काम एकाच रीतीनं शिकवायचं असेल तर तो साचा उपयोगी आहे, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तो गृहीत धरतो की काम काल होतं तसंच उद्या असेल आणि शिकवलेलं डोक्यात टिकून राहील. दुसरं गृहीतक तर फार आधीच मोडलं होतं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्यानं विसरलं जातं. ते टिकवायचं तर परत परत उजळणी लागते. डोनाल्ड कर्कपॅट्रिकनं १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पातळ्या मांडल्या: वर्ग आवडला का, शिकले का, वागणं बदललं का, कामाच्या निकालात फरक पडला का. आज बहुतेक ठिकाणी आपण पहिल्याच पातळीवर थांबतो. वर्ग आवडला, जेवण चांगलं होतं, एसी थंड होता. त्यापुढे जायचं तर मशीनजवळ उभं राहावं लागतं, आणि कॅलेंडरमध्ये त्यासाठी रकाना नसतो.

आता ॲजाईलकडे येऊ. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. कार्यपद्धती आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद, भारंभार कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघीशीपेक्षा ग्राहकाची सोबत, ठरलेल्या योजनेमागे जाण्यापेक्षा बदलाला उत्तर, अशी त्यांची चार मूल्यं. आयटीत काम करणाऱ्या मराठी मुलामुलींना ती तोंडपाठ आहेत. पण मला त्याच्या आधीचा धागा अधिक मोलाचा वाटतो. ॲजाईलमधल्या एका कार्यपद्धतीचं 'स्क्रम' हे नाव सॉफ्टवेअरवाल्यांनी जिथून उचललं, तो हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांचा लेख १९८६ चा आहे आणि तो कॅनन, होंडा, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी वस्तू कशी घडते याबद्दल आहे. त्याच्याही मागे टोयोटाचा शॉप फ्लोअर आहे, जिथे लाइनवरचा साधा कामगार दोष दिसला की दोरी ओढतो आणि गरज पडली तर सगळी लाइन थांबते. म्हणजे जी गोष्ट आज आपण आयटीकडून एचआरमध्ये आणू पाहतोय, ती मुळात कामगाराच्या हाताजवळ जन्मलेली आहे. ती चाकणला नवखी असायचं कारण नाही.

त्या दोरीकडे नीट बघितलं पाहिजे. ती ओढणाऱ्या माणसाला कुणी ओरडत नाही, यावर सगळं उभं आहे. नुसती दोरी लावून भागत नाही. आपल्याकडे कितीतरी कारखान्यांत अशी व्यवस्था बसवलेली आहे, दिवे आहेत, बटणं आहेत, आणि ती दाबायला कोणी धजत नाही, कारण लाइन थांबली तर 'कोणी थांबवली' हा पहिला प्रश्न येतो.

हे मी अनुभवातून सांगते. त्या मंगळवारनंतर मी एक लहान प्रयोग करून पाहिला. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं, मशीन शॉपच्या खांबाजवळ, उभ्याउभ्या. खुर्ची नाही, प्रोजेक्टर नाही, हजेरीचा कागदही नाही. एकच प्रश्न: काल कुठे अडलं? एक फळा, त्यावर तीन रकाने: अडलंय, बघतोय, सुटलं. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं दुसऱ्या दिवशी मशीनजवळच दाखवायचं. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग एका जुन्या दादांनीच सांगितलं की नव्या कंट्रोलरवर प्रोग्रॅम मधूनच सुरू करायचं त्यांना अजून नीट जमत नाही. वीस वर्षं मशीन चालवणारा माणूस 'जमत नाही' म्हणतोय हे पाहिल्यावर पोरांची भीड चेपली. दोन आठवड्यांत फळा भरला. चक जॉज बदलताना रनआउट येतो, बोअर गेजचा झीरो सेट करायची रीत प्रत्येक शिफ्टची वेगळी आहे, रात्री कूलंट कमी पडतो आणि फिनिश बिघडते. यातलं एकही माझ्या कॅलेंडरमध्ये नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात प्रॉडक्शन मॅनेजर येऊन उभे राहिले. मनात काही वाईट नव्हतं. त्यांना उपक्रम आवडला होता. खिशातून वही काढून कोणाचं काय अडलंय ते ते नावानिशी लिहायला लागले. त्या दिवशी कोणाचंच काही अडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. "सगळं ओके आहे मॅडम," एवढंच उत्तर.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि वही ठेवून यायची विनंती केली. ते थोडे नाराज झाले. "मला माहिती नको का माझ्या शॉपमध्ये काय चाललंय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "साहेब, काय अडलंय ते तुम्हाला फळ्यावर दिसेल. कोणाचं अडलंय ते लिहिलंत तर काय अडलंय तेही दिसणार नाही." पुढच्या सोमवारी ते वहीशिवाय आले आणि आल्या आल्या म्हणाले की मागच्या आठवड्यात टूल वेळेवर मागवायचं राहिलं, ती चूक माझी. फळा परत भरायला त्यानंतर दहाएक दिवस लागले.

एमी एडमन्डसन या संशोधिकेनं १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा तिला आधी गोंधळात टाकणारी गोष्ट दिसली: जे गट चांगले, त्यांच्याच नावावर चुका जास्त. मग उलगडा झाला की ते गट चुका जास्त करत नव्हते, जास्त बोलून दाखवत होते. माझ्या कोऱ्या फळ्याचा अर्थ मला तिच्या अभ्यासातून कळला. रोजच्या उभ्या बैठकीला आज हिंजवडीपासून पवईपर्यंत सगळे 'स्टँडअप' म्हणतात, पण जिथे माणूस आपला पाय कुठे घसरला ते सांगू शकत नाही, तिथे ती बैठक म्हणजे हजेरीच असते. पूर्वी महिन्यातून एकदा द्यावा लागणारा हिशेब आता रोज द्यायचा, एवढाच बदल.

इथे मूल्यांकनाचा विषय टाळता येत नाही, कारण भीतीचं मूळ तिथेच आहे. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९८६ च्या पुस्तकात वार्षिक गुणांकनाला संस्थेच्या सात घातक रोगांत बसवलं होतं. पुढे पंचवीस वर्षं ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग अडोबीनं २०१२ मध्ये वार्षिक मूल्यांकन बंद केलं. त्यात त्यांच्या व्यवस्थापकांचे वर्षाला सुमारे ८०,००० तास जात होते. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये माणसांना सक्तीनं क्रमवारीत बसवणं थांबवलं. डेलॉइटनं २०१५ मध्ये हिशेब मांडला की ही प्रक्रिया त्यांचे वर्षाला जवळपास २० लाख तास खाते. वर्षातून एकदा निकाल सांगण्याऐवजी वरचेवर बोला, असा या सगळ्यांचा सूर होता.

सूर चांगला आहे. पण नुसतं वरचेवर बोलून माझ्या शॉपमधल्या पोराला धीर येत नाही. त्याच बोलण्यातून त्याची पगारवाढ, त्याचं कायम होणं ठरणार असेल, तर वर्षातून एकदा होणारी परीक्षा दर आठवड्याला होऊ लागते. आयटीतल्या माझ्या भाचीनं हे एका वाक्यात सांगितलं होतं: "मावशी, आधी मार्चमध्ये पोटात गोळा यायचा, आता दर शुक्रवारी येतो." ॲजाईल एचआरचे पुरस्कर्ते हे पुरेसं बोलत नाहीत, म्हणून मला ते ठासून सांगायचं आहे. शिकण्याचं बोलणं आणि पगाराचं बोलणं वेगळं करा. वेळ वेगळी, माणूस वेगळा, कागद वेगळा. शिकण्याच्या बैठकीतलं एक अक्षरही पगाराच्या फायलीत जाणार नाही असं लेखी वचन द्या आणि पाळा.

हा विचार परदेशातून आणायचीही गरज नाही. १९७४-७५ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव लार्सन अँड टुब्रोसाठी काम करत होते. देशातला पहिला मनुष्यबळ विकास विभाग त्यातून उभा राहिला, तोही मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीत. त्यांनी माणसाच्या विकासाचं काम नेहमीच्या कार्मिक प्रशासनापासून वेगळं काढलं, आणि मूल्यांकनासोबत वरिष्ठानं कनिष्ठाबरोबर बसून मोकळेपणी बोलावं, याला स्वतंत्र जागा दिली. पुढे देशभर विभागांच्या पाट्या बदलल्या, 'पर्सोनेल'चं 'एचआरडी' झालं, मग 'एचआर' झालं. त्या वेगळेपणामागचा हेतू मात्र बहुतेक ठिकाणी पाटीच्या मागेच राहिला. पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच दारात मांडलेली गोष्ट आपण पुरी केली असती, तर आज आपल्याला इतके नवे शब्द लागले नसते.

मग पगारवाढ कशावर ठरवायची, असा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. माझं उत्तर असं: वर्षातून एकदा, सगळ्यांना आधी माहीत असलेल्या नियमांनी ठरवा. काम कोणतं, जबाबदारी किती, कौशल्याची कोणती पायरी प्रत्यक्ष करून दाखवली, बाजारात दर काय. त्यात काही ठिकाणी साहेबाचं मत येणारच, ते उघड येऊ द्या. मूल्यांकन बंद केलं म्हणून सांगायचं आणि पगाराच्या बैठकीत एक्सेलच्या शीटवर छुपे आकडे फिरवायचे, हे जुन्या पद्धतीहून वाईट आहे. जुन्या पद्धतीत निदान आकडा तोंडावर सांगितला जायचा आणि त्यावर भांडता यायचं.

मनुष्यबळ विभागाचं बरंचसं काम ॲजाईल करायचंच नाही, हेही मला तितकंच पटलेलं आहे. भविष्य निर्वाह निधीचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरलेच पाहिजेत. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा ही चर्चा करून सुधारायची कच्ची आवृत्ती नाही. २०१३ च्या कायद्याखाली लैंगिक छळाची तक्रार आली तर चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी, आणि तिच्या पायऱ्या मध्येच बदलता कामा नयेत. माणसाला आपला हक्क कुठे आहे आणि किती आहे हे काल, आज आणि उद्या सारखंच दिसलं पाहिजे. पायाखालची जमीन घट्ट असेल तरच तो चुकायचं धाडस करील. नेदरलँड्समधल्या आयएनजी बँकेनं २०१५ मध्ये मुख्यालयातल्या सुमारे ३,५०० जणांची रचना ॲजाईल पद्धतीनं बदलली, तेव्हा सगळ्यांना आपापल्या जागेसाठी नव्यानं अर्ज करावा लागला. व्यवस्थापनाच्या वर्तुळात ते उदाहरण कौतुकानं सांगितलं जातं. मला त्यात आधी ते अर्ज भरणारे लोक दिसतात. घराचा हप्ता चालू असलेला माणूस तो अर्ज भरताना किती मोकळेपणानं शिकत असेल?

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न तर या कुठल्याच पुस्तकात नाही. शॉपवर मशीन चालवणाऱ्यांत कायम किती आणि कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस किती, हे कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सकाळी गेटवर उभं राहिलं की कळतं. वेगवेगळ्या रंगांचे बिल्ले, वेगवेगळ्या रांगा. प्रशिक्षणाचं कॅलेंडर बहुतेक ठिकाणी एकाच रंगाच्या बिल्ल्यासाठी असतं. बाकीच्यांना पहिल्या दिवशी सेफ्टीचा व्हिडिओ दाखवतात आणि मशीनवर सोडतात, कारण सहा-सात महिन्यांनी ते जाणारच आहेत. जायचं आहे म्हणून शिकवायचं नाही, आणि शिकवलं नाही म्हणून टिकत नाहीत, असं हे चक्र आहे. त्यांच्या हातून जाणारा पीस मात्र त्याच ग्राहकाकडे जातो, आणि त्यांचं बोट अडकलं तर ते बोट त्यांचंच असतं. ज्या पद्धतीचं पहिलं मूल्य माणसं आणि संवाद हे आहे, ती पद्धत आणताना आपण अर्ध्या माणसांना संवादातून वगळलं तर ती आणण्याला काही अर्थ नाही. दहा मिनिटांच्या उभ्या बैठकीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच की तिथे बिल्ल्याचा रंग विचारला जात नाही. खांबाजवळ जो उभा आहे तो आत.

प्रशिक्षण अधिकाऱ्याचं कामही यानं बदलतं, आणि ते बदलताना त्रास होतो हे मी लपवणार नाही. वर्ग घेण्यात एक सुख आहे. समोर तीस माणसं, हातात माइक, शेवटी टाळ्या. फळ्याजवळ उभं राहिलं की टाळ्या नाहीत, आणि बहुतेक वेळा शिकवणारी मी नसतेच. माझं काम एवढंच उरतं की कोणाला काय येतं ते ओळखायचं, त्याची गाठ ज्याला ते हवंय त्याच्याशी घालून द्यायची, आणि दोघांना दहा मिनिटं मिळावीत म्हणून प्रॉडक्शनशी भांडायचं. वर्षाअखेर अहवालात 'इतके मनुष्यतास प्रशिक्षण' हा आकडा खाली येतो आणि त्याबद्दल वर उत्तर द्यावं लागतं. मी ते देते. लाल पेटी घेऊन जाते आणि आतले पीस टेबलावर मांडते.

परवा रात्रपाळी संपल्यावर शॉपवर गेले तेव्हा फळ्यावर 'अडलंय'च्या रकान्यात कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'बोअर मोठा आला तर प्लस का मायनस?' त्याखाली दुसऱ्या अक्षरात एक पाइप काढला होता, पाइपच्या आत एक छोटा माणूस, आणि शेजारी मायनसची ठळक रेघ. पुठ्ठ्यावरचं तेच चित्र. मी चौकशी केली. उत्तर लिहिणारा तोच मुलगा होता, त्या मंगळवारचा. प्रश्न लिहिणारा कंत्राटी होता, येऊन चारच दिवस झाले होते. त्याचं नाव माझ्या कुठल्याच यादीत सापडलं नाही. ते मला सिक्युरिटीच्या गेटवरच्या रजिस्टरमधून उतरवून घ्यावं लागलं.